आता सगळा दम सोड

आमच्या सीटी रूमच्या काचेअलीकडे एक माइक आहे. त्याचं बटण इतक्या वेळा दाबलं गेलंय की वरचा रंग उडून खालचं पांढरं प्लॅस्टिक दिसतं. वीस वर्षांत मी त्यावरून सगळ्यात जास्त काय बोलले असेन तर ‘श्वास घ्या, रोखून धरा, सोडा’. सुरतेत हे चार भाषांत यावं लागतं. वराछाहून आलेल्या हिरेवाल्या काकांना ‘श्वास लो, रोकी राखो, छोडी दो’. यूपी-बिहारच्या मिल कामगारांना हिंदी. गंजामहून आलेल्या लूमवाल्यांना ओडिया. त्यांच्याकडे आत घ्यायच्या श्वासालाही निश्वास म्हणतात, त्यामुळे पहिल्या वर्षी माझाच फार गोंधळ व्हायचा. आणि लिंबायत, डिंडोली, उधन्याच्या आपल्या खानदेशी माणसांना मराठी, नाहीतर अहिराणी.

खरी फजिती झाली ती आपल्याच भाषेत. मी मूळची अमळनेरची, लग्न होऊन उधन्याला आले. गावाकडचं माणूस दिसलं की तोंडात गावाकडचा शब्द यायचा. शिरपूरच्या एका बाबांना मी माइकवरून म्हटलं, “बाबा, दम धरा.” ते शांत पडून राहिले. छाती खाली-वर चालूच. परत म्हटलं, “बाबा, दम धरा ना!” आतून आवाज आला, “सकायपासून दमच धरी बसेल शे ना माय!” त्यांचा नंबर अकरा वाजता होता, लागला होता अडीचला.

त्या दिवशी हसले. पण श्वासाचे शब्द आपण किती ढिले वापरतो हे तेव्हापासून खटकायला लागलं. पुढे लहान मुलांच्या फुप्फुसांचे स्कॅन करताना त्याची किंमत कळली.

एक्सरे शिकताना आम्हाला घोटून घेतलं होतं, पेशंटने पूर्ण श्वास आत घेतलेला पाहिजे. फिल्मवर बरगड्या मोजायच्या. फुप्फुस पसरलेलं, काळं, स्वच्छ दिसलं की फिल्म चांगली. सीटीवर आले तरी डोक्यात तेच होतं. श्वास सोडल्यावर फुप्फुस आकसतं, करडं होतं, काही नीट दिसत नाही, मग त्या अवस्थेत फोटो काढायचाच कशाला? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कधीतरी ‘इन्स्पिरेशन-एक्स्पिरेशन’ असं लिहून यायचं. मी त्यातलं दुसरं म्हणजे जादा काम समजायचे.

२००६ च्या ऑगस्टमधल्या तापीच्या पुरानंतर दोनएक वर्षांनी सात वर्षांचा एक मुलगा आला. बाप रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सल बांधायचा, घर मूळ नंदुरबारकडचं. पुराच्या वेळी ते वेड रोडला राहत होते. घरातलं धान्य गेलं, टीव्ही गेला. पण मुलाच्या एक्सरेंचं पाकीट आईने साडीच्या पॉलिथीनमध्ये गुंडाळून, सुतळीने बांधून गच्चीवर नेलं होतं. तेच पाकीट घेऊन ती आली होती. त्यात मुलाच्या चौथ्या महिन्यापासूनच्या फिल्म, बहुतेकांवर न्यूमोनिया असा शेरा. एकदा सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, देऊन झाली होती. खोकला काही गेला नव्हता. वजन चौदा किलो.

चिठ्ठीवर दोन्ही स्कॅन लिहिले होते. मुलगा खोकत होता, रडत होता, बाहेर अठरा पेशंट होते. मी श्वास घेतलेला स्कॅन कसाबसा उरकला आणि फॉर्मवर लिहिलं, ‘पेशंटने सहकार्य केलं नाही’. रिपोर्टमध्ये वरच्या भागातल्या श्वासनळ्या रुंदावल्याचं आलं, जुन्या टीबीची खूण असू शकते असंही आलं. त्याला दुसऱ्यांदा एकेटी सुरू झाली.

नऊ-दहा महिन्यांनी तीच आई तेच पाकीट घेऊन पुन्हा आमच्या दारात. यावेळी लहान मुलांचे दुसरे डॉक्टर होते आणि त्यांनी फोन करून सांगितलं होतं, सोडलेल्या श्वासाचा स्कॅन झाला नाही तर मुलाला परत पाठवू नका. मी टेबलाजवळ पाऊण तास बसले. मुलगा शिकला. स्कॅन झाला. स्क्रीनवर जे आलं ते पाहून शेजारी उभे असलेले आमचे सर म्हणाले, “अरे, याच्या फुप्फुसातून तर हवाच बाहेर पडत नाहीये.”

काय दिसलं ते सांगते. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, त्याला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. पाणी शून्य, निव्वळ हवा उणे हजार. पूर्ण श्वास घेतलेलं फुप्फुस उणे साडेआठशेच्या आसपास असतं. श्वास सोडला की हवा निघून जाते, तेवढ्याच जागेत मांस-रक्त दाटतं, आकडा उणे सातशेच्या घरात किंवा त्याच्याही वर येतो, आणि काळं चित्र करडं होतं. निरोगी मुलाचं फुप्फुस सगळीकडून सारखं करडं होतं. या मुलाचं गोधडीसारखं दिसत होतं. एक ठिगळ करडं, त्याच्या शेजारचं काळंच. पुन्हा करडं, पुन्हा काळं. काळ्या ठिगळावर माउस नेला की आकडा जवळजवळ जिथल्या तिथे. म्हणजे त्या भागात गेलेली हवा चिकट कफाच्या बुचामागे अडकली होती. ती बाहेर येत नव्हती, त्यामुळे ताजी हवाही आत जात नव्हती. याला आम्ही ‘एअर ट्रॅपिंग’ म्हणतो. श्वास घेतलेल्या चित्रात यातलं निम्मंही कळत नाही, कारण तेव्हा सगळंच काळं असतं.

आईला सर एरवी विचारत नाहीत ते त्या दिवशी विचारत होते. मुलाची शी तेलकट, चिकट, घाण वासाची होते का? होते. घामाचं काही? ती जरा थांबली. “तान्हा होता तेव्हा मुका घेतला की खारट लागायचा, साहेब. सासूबाई म्हणायच्या, मिठाचं पोर आहे.” तिने मुलाच्या काळ्या टी-शर्टची मान दाखवली. घाम वाळून पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. सात वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि खोकल्याच्या डॉक्टरला घामाचं काय सांगायचं म्हणून तिनेही सांगितलं नव्हतं.

फ्लाइंग राणीने ते मुंबईला जाऊन घामाची तपासणी करून आले. हातावर पायलोकार्पिन लावून हलका विद्युतप्रवाह देतात, तेवढ्या जागेला घाम येतो, तो गोळा करून त्यातलं क्लोराइड मोजतात. लिटरला ६० मिलिमोलच्या वर गेलं की सिस्टिक फायब्रोसिस. त्याचं शंभराच्या वर होतं.

माझा एक स्कॅन वेळेवर झाला असता तर दुसरी एकेटी टळली असती का? सर म्हणतात, रुंदावलेल्या नळ्या पाहूनच शंका यायला हवी होती, तू एकटी कशाला मनाला लावून घेतेस. असेलही. पण फॉर्मवरचं ते वाक्य मी लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. मुलाने सहकार्य केलं नव्हतं असं नाही, मी त्याला वेळ दिला नव्हता. तेव्हापासून तो शेरा मी लिहिलेला नाही. लिहायचाच झाला तर ‘तीन प्रयत्न केले’ असं लिहिते, आणि तीन प्रयत्न केलेले असतात.

सिस्टिक फायब्रोसिस या आजाराबद्दल मी नंतर वाचत गेले. तो गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्याकडे नसतो, असं पुष्कळ वर्षं समजलं जायचं. आपल्याकडेही असतो. मुलं न्यूमोनिया, टीबी, दमा, कुपोषण अशा नावांखाली हरवून जातात, एवढंच. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच तो होतो. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक अशी शक्यता. हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. पेशींच्या आवरणातली क्लोराइडची वाट ते बनवतं. ती वाट बिघडली की फुप्फुसातला कफ घट्ट होतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, आणि घामातलं मीठ शरीर परत ओढून घेऊ शकत नाही. मिठाची गोष्ट लक्षात आली तीही उन्हाळ्यामुळे. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली, तेव्हा ही मुलं पटापट कोसळून दवाखान्यात यायला लागली, आणि पॉल दि सांत-आग्नेसे या डॉक्टरने त्यावरून १९५३ मध्ये घामातल्या मिठाचा छडा लावला. न्यूयॉर्कच्या लाटेचं वाचलं तेव्हा मला सुरतेचा मे महिना आठवला. पत्र्याच्या खोलीत झोपलेली अशी किती मुलं जुलाब-उलटीच्या नावाखाली सलाइन लावून घरी गेली असतील, कोण जाणे.

त्या नंदुरबारच्या मुलाचे आईवडील आतेमामे भावंडं होते. मामाची मुलगी करायची पद्धत आपल्याकडे आहेच. सासूने सगळा दोष सुनेच्या माथी मारला, हे तिने मला टेबल पुसताना सांगितलं. मी टेक्निशियन, सल्ला देणं माझं काम नाही. तरी म्हटलं, अहो, निम्मा तुमच्या नवऱ्याकडून आलाय. ती पहिल्यांदा हसली.

आता मुलांकडून श्वास कसा सोडवून घ्यायचा ते. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

मोठ्या माणसाला ‘सोडा’ म्हटलं की तो चमचाभर सोडतो आणि थांबतो. आम्हाला तळापर्यंत रिकामं झालेलं फुप्फुस हवं असतं आणि त्याच अवस्थेत पाच-सहा सेकंद थांबायला हवं असतं. हे अवघड आहे, करून बघा. त्यात कफ असला की खोकला उसळतो. मी आधी “श्वास सोड, बेटा” म्हणायचे. एकदा एका आजीने मला दारातच अडवलं. “लेकराला श्वास सोड काय म्हणते गं? असं कुणी बोलतं का?” तिचंही बरोबर होतं. आपल्याकडे माणूस शेवटी काय सोडतो ते सगळ्यांना माहीत आहे. मग मी मेणबत्ती आणली, “फुंकर मार, विझव.” त्यालाही दुसऱ्या एका आजीची हरकत, दिवा विझवू नये. फुंकणी म्हणून पाहिलं, तर शहरातल्या पोरांनी चूल पाहिलेली नाही.

शेवटी उपयोगी पडली पिपूडी, म्हणजे आपली पिपाणी. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, सुरतेत गच्च्यांवर पतंगांबरोबर पिपूड्यांचा नुसता कल्लोळ असतो. कुणाचा पतंग कापला की पोरं पिपूडी फुंकत सुटतात. एका जानेवारीत माझा मुलगा घरात ती वाजवून डोकं उठवत होता, आणि मी ओरडायच्या ऐवजी घड्याळ पाहायला लागले. नऊ सेकंद. पोट पार आत गेलेलं. आवाज बारीक होत होत फाटला तेव्हा त्याच्या छातीत काही उरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक पिपूडी कामावर नेली. टेबलावर झोपवायच्या आधी मूल माझ्यासमोर स्टुलावर बसतं आणि आम्ही वाजवतो. पहिली चार-पाच वेळा नुसती मजा. मग मी सांगते, आवाज संपेपर्यंत, आणि संपला की पुतळा. आवाजावरून मला सगळं कळतं. मध्येच तुटला तर खोकला येणार. लवकर संपला तर अजून हवा आहे. मग पिपूडीशिवाय, नुसत्या ओठांनी. मग झोपून. मग मशीनमध्ये. माइकवरून मी फक्त म्हणते, “वाजव… वाजव… वाजव… पुतळा!” खानदेशी मुलांना, “आता सगळा दम सोड.” ‘दम’ म्हटलं की आज्याही गप्प बसतात, का ते मला उमगलेलं नाही.

मुलाने खरंच श्वास सोडला होता की नाही हे चित्रातच तपासता येतं. मोठी श्वासनलिका मागच्या बाजूने कडक नसते, तिथे मऊ पडदा असतो. श्वास घेताना ती गोल दिसते. पूर्ण सोडला की मागचा पडदा आत येतो आणि गोलाची चंद्रकोर होते. मी आधी चंद्रकोर शोधते, मग फुप्फुसाकडे बघते. चंद्रकोर नसेल तर काळ्या ठिगळांना अर्थ नाही.

ती पिपूडी त्या मुलाची, तो घरी घेऊन जातो. दुसऱ्याला कधीच द्यायची नाही. या मुलांच्या कफात स्यूडोमोनाससारखे हट्टी जंतू घर करतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे गेले तर नुकसान मोठं. म्हणून असे दोन पेशंट एका दिवशी आले तर एकाला सकाळी पहिला नंबर, दुसऱ्याला संध्याकाळी. आयांना वाटतं, भेटू द्या की आमच्या पोरांना, तेवढाच आधार. नाही म्हणताना जिवावर येतं.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांपुढे पिपूडी चालत नाही. त्यांना कुशीवर झोपवायचं. ज्या कुशीवर मूल झोपतं ते खालचं फुप्फुस वजनाने दबतं, श्वास सोडल्यासारखं वागतं. वरचं फुगलेलं राहतं. डाव्या कुशीवर एक, उजव्या कुशीवर एक, झालं काम. खाली गेलेल्या फुप्फुसात काळं उरलं तर तिथे हवा अडकली आहे. याच युक्तीने एकदा दोन वर्षांच्या मुलीच्या उजव्या फुप्फुसात शेंगदाणा असल्याचा सुगावा लागला. अख्खं एकच फुप्फुस काळं राहिलं होतं, कुठल्याही कुशीवर. तो शेंगदाणा दुर्बिणीने काढला, आणि ज्या पोरीला दम्याचा पंप सुरू झाला होता ती आठवड्यात बरी. शेंगदाणा काढता येतो. दुसऱ्या मुलांच्या छातीत जे असतं ते काढता येत नाही. त्यांच्या आया रोज दोन वेळा नेब्युलायझरमधून खाऱ्या पाण्याची वाफ देतात आणि ओंजळ करून पाठीवर थापट्या मारत कफ मोकळा करतात. वर्षानुवर्षं. एकीने मला तिचे तळवे दाखवले, भाकरी थापणाऱ्या बाईसारखे झाले होते.

या मुलांचे काही वडील दर सहा महिन्यांनी सीटी मागतात. आकडा सांगा, किती टक्के भाग बंद आहे ते सांगा. त्यांची तगमग समजते. पण सीटी म्हणजे रेडिएशन, आणि लहान मुलाच्या बाबतीत नीट काळजी घेतली तरी त्याचा डोस काही डझन एक्सरेंइतका असतो. मी केव्ही, म्हणजे एक्सरेचा जोर, कमी ठेवते. श्वास सोडलेल्या वेळी अख्खी छाती न घेता तीनच पातळ्या घेते : महाधमनीच्या कमानीशी, श्वासनलिका दुभंगते तिथे, आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या जरा वर. तरी सहा महिन्यांनी नाही म्हणजे नाही. फुंकून पाहायची स्पायरोमेट्री आहे, ती करा म्हणते. अडचण अशी की स्पायरोमेट्री चांगली येते तेव्हाही सीटीत काळी ठिगळं असू शकतात. ऑस्ट्रेलियात पर्थ आणि मेलबर्नच्या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांचे स्कॅन केले, तर ज्यांना वरून काहीच त्रास नव्हता अशांतही हवा अडकलेली निघाली. वडिलांना हे कळलं की ते पुन्हा फॉर्म पुढे करतात. माझ्याकडे त्याला चांगलं उत्तर नाही.

अहमदाबादच्या एका परिषदेत मी झेनॉनच्या एमआरआयची चित्रं पाहिली. झेनॉन हा हवेत अगदी नावापुरता असणारा वायू. लेसर आणि रुबिडियमच्या वाफेने त्याला असा चेतवतात की एमआरआयमध्ये त्याचा सिग्नल हजारो पटींनी वाढतो. पेशंट तो पिशवीतून आत ओढतो, दहा-पंधरा सेकंद रोखतो, आणि जिथे वायू पोचला ती जागा उजळते. जिथे पोचला नाही तिथे भोक. रेडिएशन शून्य. पूर्वी यासाठी हीलियम-३ वापरत. ते अण्वस्त्रांसाठीच्या ट्रिशियमपासून मिळतं, आणि अमेरिकेने बंदरांवर किरणोत्सारी माल पकडणारी यंत्रं बसवली तशी त्याची टंचाई झाली, म्हणून मंडळी झेनॉनकडे वळली. अमेरिकेत याला डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा बारा वर्षांपुढच्यांसाठी.

मी बघतच राहिले. आम्ही इतकी वर्षं बंद घरात कोण आहे हे न उघडणाऱ्या दारावरून ओळखत होतो. इथे हवा स्वतःच चालत जाऊन सांगत होती, इथवर आले, पुढे वाट नाही. सिस्टिक फायब्रोसिसवरच्या नव्या गोळ्या घेतल्यावर तीच भोकं बुजलेली दुसऱ्या चित्रात दाखवली. त्या गोळ्यांचं अमेरिकेतलं तेव्हाचं वर्षाचं बिल तीन लाख डॉलरच्या आसपास. पडद्यावर तो आकडा आला तेव्हा हॉलमध्ये कुणी तरी हसलं. मला वेड रोडवरचं ते पॉलिथीनचं पाकीट आठवलं, आणि हेही की या गोळ्या ठरावीक दोषांवरच चालतात. युरोपात सर्रास आढळणारा जनुकातला दोष आपल्या मुलांत त्या मानाने कमी सापडतो.

प्रश्नोत्तरांत सगळ्यांनी मशीनची किंमत विचारली. मी टेक्निशियनच्या रांगेतून हात वर केला आणि विचारलं, मुलं पिशवीतलं सगळं आत घेतात कशी? आणि हलत नाहीत कशी? बोलणारे गृहस्थ खूश झाले. म्हणाले, खरी मेहनत तिथेच आहे. आधी साध्या हवेने भरलेली पिशवी देऊन पुन्हा पुन्हा सराव करून घेतात, मग झेनॉन.

त्या नंदुरबारच्या मुलाचा शेवटचा स्कॅन आमच्याकडे झाला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. उंचीला कमी, आवाज फुटलेला. मी सवयीने ड्रॉवर उघडला, तर म्हणाला, “ताई, राहू द्या. मला येतं.” आत जाऊन झोपला. माइकवर मी काही बोलायच्या आधीच त्याने सोडलेल्या श्वासाची शीळ स्पीकरवर ऐकू आली. मी घाईने बटण दाबलं. चंद्रकोर सुरेख आली होती. काळं आधीपेक्षा वाढलं होतं.

उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण संपली की सोळा जानेवारीला डबगरवाडच्या बाजारात पिपूड्या कवडीमोल होतात. घरी जाताना मी दोन डझन घेते. दुकानदाराला वाटतं, माझी शाळा आहे.